घरटे सापडले, करवत थांबली: ब्रिटनमधील शिकारी पक्षी, बागेतील झाडे आणि कायदा

एप्रिल महिना आला की ब्रिटनमध्ये एकाच झाडाकडे दोघांचे लक्ष जाते. हिवाळाभर वाऱ्यापावसाने वेड्यावाकड्या झालेल्या फांद्या घरमालकाच्या डोळ्यांत खुपू लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी त्या फांद्यांच्या बेचक्यांत शिकारी पक्ष्यांची वीण सुरू झालेली असते. रेडिंग, स्लाऊ, हाय विकम या पट्ट्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना छपरांवरून अलगद तरंगत जाणारी, तांबूस रंगाची, खोल दुभंगलेल्या शेपटीची घार आता परिचयाची आहे. मुंबई-पुण्याच्या आकाशात घारी पाहत वाढलेल्या माणसाला तिचे विशेष वाटू नये हेही स्वाभाविकच. परंतु ही लाल घार आपल्याकडच्या घारीची चुलतबहीण असली तरी ब्रिटिश कायद्यात तिचा मान निराळा आहे. तिच्या नांदत्या घरट्याला धक्का लावणे हा केवळ दंडावर न भागता कारावासापर्यंत नेऊ शकणारा गुन्हा आहे.

प्रसंग बहुधा असा घडतो. झाड छाटण्याचे काम ठरलेले असते, काउन्सिलची परवानगी हाती असते, ट्री सर्जन सकाळी ८ वाजता व्हॅन घेऊन हजर होतो, दोरखंड आणि पट्टे लावून वर चढतो. आणि १२-१५ मीटर उंचीवर, जमिनीवरून पानांआड न दिसलेला काटक्यांचा एक मोठा गठ्ठा त्याच्यासमोर येतो. त्यात लोकरीचे पुंजके, प्लास्टिकचे तुकडे, कुणाच्या तरी दोरीवरून पळवलेला मोजा असे काहीबाही असेल तर ते लाल घारीचे घर असण्याचीच शक्यता अधिक. घरटे असल्या चिंध्यांनी सजवण्याची या पक्ष्याला खोडच आहे. आत दोन-तीन अंडी किंवा फिकट लवेची पिल्ले. खाली मदतनीस, भाड्याने आणलेले फांद्या भरडण्याचे यंत्र आणि एका दिवसाचा खर्च ठरवून बसलेला घरमालक. या क्षणानंतर काय करायचे, हा प्रश्न सौजन्याचा किंवा पक्षिप्रेमाचा उरत नाही. तो कायद्याचा होतो.

इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड येथे लागू असलेला मूळ कायदा म्हणजे १९८१ चा वाइल्डलाइफ अँड कन्ट्रीसाइड ॲक्ट. त्याच्या पहिल्याच कलमाने रानपक्ष्यांना सर्वसाधारण संरक्षण दिले आहे. पक्षी मारणे, जखमी करणे वा पकडणे, त्याचे अंडे घेणे वा फोडणे, आणि घरटे बांधले जात असताना किंवा वापरात असताना ते काढणे वा मोडणे, हे सारे हेतुपुरस्सर केल्यास गुन्हा ठरते. बझर्ड, स्पॅरोहॉक, केस्ट्रेल, बागांतून रात्री घुमणारे टॉनी घुबड हे सर्व या पायरीवर येतात. तिच्या वर आणखी एक पायरी आहे. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात निवडक पक्ष्यांची नावे आहेत. लाल घार, गॉसहॉक, बहिरी ससाणा, हॉबी, ऑस्प्रे, सोनेरी गरुड, पांढऱ्या शेपटीचा गरुड आणि गव्हाणी घुबड ही त्यांतली काही. यांच्या बाबतीत घरटे मोडणे दूरच राहिले. ते घरटे बांधत असताना, अंड्यांपाशी किंवा पिल्लांपाशी असताना त्यांना व्यत्यय आणणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. तो हेतुपुरस्सर असला पाहिजे असेही नाही. बेपर्वाई पुरेशी ठरते. शिक्षा इंग्लंड व वेल्समध्ये कमाल मर्यादा नसलेला दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गुन्ह्यात वापरलेली साधने, अगदी वाहनसुद्धा, जप्त करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. स्कॉटलंडने २००४ मध्ये हा कायदा अधिक कडक करून साध्या पायरीवरील गुन्ह्यांनाही बेपर्वाईचा निकष लावला. उत्तर आयर्लंडमध्ये १९८५ चा स्वतंत्र आदेश लागू आहे.

हा कठोरपणा अनाठायी नाही. मध्ययुगीन लंडनच्या रस्त्यांवरची घाण साफ करणारी लाल घार पुढे उपद्रवी ठरवली गेली, शिकारी राखणीदारांच्या बंदुकांना आणि विषाला बळी पडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड व स्कॉटलंडमधून नाहीशी झाली. मध्य वेल्सच्या दऱ्यांत मोजकी जोडपी तेवढी तग धरून राहिली. १९८९ पासून स्पेनमधून पिल्ले आणून चिल्टर्न टेकड्यांत, आणि स्वीडनमधून आणून उत्तर स्कॉटलंडमध्ये सोडण्यात आली. आज रेडिंगच्या आकाशात दिसणारी घार ही त्या पाहुण्यांची वंशज. हा प्रयत्न इतका फळला की २०२२ पासून इंग्लंडमधील पिल्ले उलट स्पेनला पाठवण्यास सुरुवात झाली, कारण तिकडे तिची संख्या खालावली होती. स्पॅरोहॉक आणि बहिरी ससाणा यांची कथा वेगळी. डीडीटीसारख्या कीटकनाशकांमुळे त्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन ती उबवतानाच फुटत असत. डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये हे दाखवून दिले. एखादे घरटे गेल्याने फार काय बिघडते, असे म्हणणाऱ्याने एवढे लक्षात घ्यावे की या पक्ष्यांचे पुनरागमन एकेका घरट्याच्या हिशेबानेच झाले आहे.

आता मूळ पेच. ट्री सर्जनला घरटे माहीतच नव्हते, तर तो गुन्हेगार कसा? कायद्याने याचा विचार केला आहे. कायदेशीर कामाचा आनुषंगिक परिणाम म्हणून एखादी गोष्ट घडली आणि ती वाजवीरीत्या टाळता येण्यासारखी नव्हती, हे दाखवून देता आले तर चौथ्या कलमाखाली बचाव मिळतो. मात्र हा बचाव जेवढा दिसतो तेवढा ऐसपैस नाही. तो दाखवून देण्याचा भार काम करणाऱ्यावर असतो. झाड आधी नीट पाहिलेच नसेल, तर ‘टाळता येण्यासारखे नव्हते’ हे म्हणणे लटके पडते. आणि घरटे एकदा दृष्टीस पडले की बचाव तेथेच संपतो, कारण त्यानंतरची प्रत्येक फांदी समजून-उमजून तोडलेली असते. वरून ट्री सर्जनने ‘घरटे आहे’ असे ओरडून सांगितल्यावर खालून ‘तेवढे उरकून टाका’ असे म्हणणारा घरमालकही अलिप्त राहत नाही. गुन्ह्यास प्रवृत्त करणारा आणि साहाय्य करणारा हे इंग्लिश कायद्यात गुन्हेगाराच्याच रांगेत बसतात.

येथे दोन गैरसमज हमखास आडवे येतात. पहिला परवानगीचा. झाडावर संरक्षण आदेश असेल, म्हणजे बोलण्यातला टीपीओ, तर काउन्सिलची लेखी संमती लागते. घर कॉन्झर्वेशन एरियात असेल तर सहा आठवड्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. हे सोपस्कार पार पडले की घरमालकाला आपण सर्व बाजूंनी सुरक्षित झालो असे वाटते. वस्तुतः ती संमती झाडापुरती असते, झाडावर राहणाऱ्यापुरती नसते. नियोजन विभागाच्या कागदाने वन्यजीव कायद्याचा गुन्हा माफ होत नाही.

दुसरा गैरसमज तारखांचा आहे, आणि तो अधिक घातक आहे. मार्च ते ऑगस्ट हा विणीचा हंगाम, तेवढ्यात झाड तोडायचे नाही आणि एरवी खुशाल तोडायचे, असे सर्रास सांगितले जाते. शेतांच्या कुंपणवजा झुडपांसाठी तशा तारखांचा नियम आहे. बागेतील झाडाच्या घरट्यासाठी मात्र कायद्यात कोणतीही तारीख नाही. घरटे वापरात आहे की नाही, हाच निकष. शिकारी पक्षी तर दिनदर्शिका मुळीच पाळत नाहीत. टॉनी घुबड कधीकधी फेब्रुवारीतच झाडाच्या ढोलीत अंडी घालते. गॉसहॉक हिवाळा सरता सरता घरटे रचू लागतो. लाल घार मार्च-अखेर ते एप्रिलमध्ये अंडी घालते, महिनाभर ती उबवते आणि पुढे सात-आठ आठवडे पिल्ले घरट्यातच असतात. म्हणजे जुलैपर्यंतची निश्चिंती. स्पॅरोहॉक मात्र मे महिन्यापर्यंत थांबतो. लहान पाखरांची पिल्ले घरट्याबाहेर पडून बेसावधपणे उडू लागतात त्याच सुमारास आपली पिल्ले भुकेली व्हावीत, असे त्याचे चोख वेळापत्रक असते. सर्वांत उशिरा येते ती हॉबी. आफ्रिकेहून येणारा हा चपळ ससाणा स्वतः काटकीही न उचलता कावळ्याच्या जुन्या घरट्यात जूनमध्ये अंडी घालतो आणि त्याची पिल्ले सप्टेंबरातही आईबापांवर अवलंबून असू शकतात. गव्हाणी घुबडाची वीण तर वर्षाच्या जवळजवळ कोणत्याही महिन्यात आढळू शकते. तेव्हा ‘कावळ्याचे जुनेच घरटे आहे’ आणि ‘आता ऑगस्ट संपला’ ही दोन्ही वाक्ये एकाच झाडाखाली उच्चारली जाऊन दोन्ही चुकीची ठरू शकतात.

व्यत्यय म्हणजे नेमके काय, हेही समजून घ्यावे लागते, कारण यंत्राचा आवाज थांबल्यावर पक्षी परत येईलच की, असा युक्तिवाद वारंवार होतो. कधी तो येतोही. परंतु अंड्यांवरून उठलेली मादी तासाभराने परतली तर थंड दिवशी तोवर गर्भ दगावलेला असू शकतो. नुकती बाहेर आलेली पिल्ले स्वतःच्या शरीराची ऊब राखू शकत नाहीत. पावसात आईच्या पंखांचे छप्पर नसेल तर ती गारठून मरतात. शेजारच्या झाडावर कावळे असतातच आणि उघडे घरटे ओळखायला त्यांना वेळ लागत नाही. पिल्ले मोठी असतील तर निराळा धोका: घाबरून ती उडता येण्याआधीच उडी घेतात. घरटे रचण्याच्या टप्प्यावर जोडपे सर्वांत हळवे असते आणि थोड्या त्रासानेही जागा सोडून जाते. म्हणूनच घरट्याची तेवढी फांदी राखून बाकीचे झाड छाटण्याची युक्ती शहाणपणाची वाटली तरी फसवी आहे. आडोसा गेलेले घरटे ऊन, वारा आणि कावळे या तिघांच्याही तावडीत सापडते. आणि परिशिष्टातील पक्षी असेल तर त्या छाटणीदरम्यानच गुन्हा घडून गेलेला असतो.

बहुतेक अनर्थ टाळण्याची जागा चढण्यापूर्वीची आहे. चांगला ट्री सर्जन दर सांगण्यासाठी येतो तेव्हाच झाडाभोवती फेरी मारतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी पुन्हा मारतो. दोन आठवड्यांपूर्वीची पाहणी विणीच्या काळात शिळी झालेली असते. तो वर पाहण्याआधी खाली पाहतो. बुंध्याशी वा पानांवर पांढऱ्या विष्ठेचे शिंतोडे, केस आणि हाडे एकत्र आवळून बाहेर टाकलेल्या गुठळ्या, एखाद्या ओंडक्यावर वा कुंपणाच्या खांबावर पिसांचा ढीग या खुणा बोलक्या असतात. पिसांचा असा ढीग बहुधा स्पॅरोहॉकचा. तो भक्ष्य सोलायला ठरावीक जागा वापरतो आणि त्याचे घरटे तेथून दूर नसते. मग दुर्बीण. बुंध्यालगतचा काटक्यांचा पातळ चौथरा, घरट्याच्या काठावर खोवलेली ताजी हिरवी पाने ही बझर्डची सवय, ढोलीच्या तोंडाशी चिकटलेली पिसे. पानगळीत, झाडे उघडी असताना घेतलेले फोटो येथे फार उपयोगी पडतात. सर्वांत खात्रीची खूण मात्र कानांना कळते. झाडाजवळ माणूस जाताच वर घिरट्या घालत एकसारखा ओरडणारा बझर्ड काही उगाच ओरडत नसतो. लेलँडाय सायप्रससारखी दाट सदाहरित कुंपणे विशेष संशयाने पाहावीत, कारण त्यांच्या पोटात काय आहे हे जमिनीवरून जवळजवळ कधीच दिसत नाही.

हे सारे करूनही घरटे चढल्यावर सापडलेच, तर पहिली कृती म्हणजे करवत बंद करून शांतपणे खाली येणे. फोटोसाठी घरट्यात डोकावू नये, अंडी मोजू नयेत. टॉनी घुबडाच्या ढोलीशी तर स्वतःच्या डोळ्यांसाठीही थांबू नये. विख्यात पक्षिछायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांनी १९३७ साली अशाच एका घुबडाच्या हल्ल्यात एक डोळा गमावला होता. अर्धवट कापलेली फांदी लोंबत असेल तर तेवढी सुरक्षित करण्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो त्या क्षणीच्या धोक्यावरून ठरतो. काम सुबक दिसावे म्हणून आणखी अर्धा तास वर राहणे हा धोका नव्हे. खाली आल्यावर यंत्रे, माणसे आणि कुत्री झाडापासून दूर न्यावीत, आणि बऱ्याच अंतरावरून, शक्यतो घराच्या आतून, आईबाप परततात का ते पाहावे. वेळ, ठिकाण आणि कुठवर काम झाले होते याची नोंद त्याच दिवशी लिहून ठेवावी. पुढे कुणी तक्रार केलीच तर तीच उपयोगी पडते. पक्षी कोणता आणि वीण कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवण्यासाठी इकॉलॉजिस्टचा, म्हणजे परिसंस्थातज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. त्याचे शुल्क पडते, हे खरे. पण काम ‘काही महिने’ पुढे ढकलायचे की ‘तीन आठवडे’, हे तोच सांगू शकतो.

एक सूचना मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांसाठीही आहे. घरट्याचा फोटो रस्त्याच्या नावासह फिरवण्याचा मोह आवरावा. अंडी चोरणारे संग्राहक ब्रिटनमध्ये आजही आहेत, आणि पक्षिनिरीक्षक दुर्मीळ घरट्यांचे पत्ते उगाच गुप्त ठेवत नाहीत.

खरा कठीण प्रश्न धोकादायक झाडाचा. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथम आढळलेल्या बुरशीजन्य रोगाने ॲश वृक्षांची अपरिमित हानी चालवली आहे. रोगट ॲशचे लाकूड ठिसूळ होते, त्यावर चढणे जिवावर बेतू शकते, आणि अशी झाडे रस्त्याकडेला वा शाळेच्या कुंपणाशी असतील तर थांबायला वाव राहत नाही. अशा वेळी ‘पक्षी की माणूस’ असा प्रश्न उभा केला जातो. परंतु बहुधा तो इतका सरळ नसतो. झाड पडले तर कुणावर पडेल, हे आधी पाहावे. त्याखालची पायवाट तीन आठवडे बंद करता येते, गाड्या दुसरीकडे लावता येतात, बागेचा तेवढा भाग दोरी लावून अडवता येतो. बऱ्याचदा धोका झाडाचा नसून झाडाखाली ठेवलेल्या गोष्टीचा असतो. हे उपाय खरोखरच पुरत नसतील तर सार्वजनिक सुरक्षेच्या कारणासाठी परवाना मागता येतो: इंग्लंडमध्ये नॅचरल इंग्लंडकडे, वेल्समध्ये नॅचरल रिसोर्सेस वेल्सकडे, स्कॉटलंडमध्ये नेचरस्कॉटकडे. बागेत ऊन यावे, गटारात पाने पडू नयेत किंवा घराला नवी खोली जोडायची आहे, ही कारणे परवान्याला चालत नाहीत.

आणि पिल्लू खाली पडलेच तर? आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेली एक समजूत येथे आड येते: माणसाचा हात लागलेल्या पिल्लाला पक्षी टाकून देतात. पक्ष्यांबाबत ती खरी नाही. टॉनी घुबडाची पिल्ले तर उडता येण्यापूर्वीच ढोलीबाहेर पडून फांद्यांवर चढउतार करतात. जमिनीवर दिसलेले लोकरीच्या गोळ्यासारखे पिल्लू अनाथ नसून अभ्यासाला बसलेले असण्याचाच संभव जास्त. ते धडधाकट असेल आणि मांजर-कुत्र्याचे भय नसेल तर त्याला तसेच राहू द्यावे. जखमी असेल तर शुश्रूषेसाठी उचलण्याची मुभा कायदा देतो, मात्र ते बरे झाल्यावर सोडण्याच्या अटीवर. पुठ्ठ्याच्या हवेशीर खोक्यात, अंधारात, पाणी वा ब्रेड न भरवता ठेवावे आणि इंग्लंड-वेल्समध्ये आरएसपीसीए, स्कॉटलंडमध्ये स्कॉटिश एसपीसीए किंवा जवळच्या शिकारी पक्ष्यांच्या शुश्रूषा केंद्राला कळवावे. घरटेच कोसळले असेल, तर त्याच झाडावर टोपलीचे पर्यायी घरटे बांधून पिल्ले त्यात ठेवणे कधीकधी साधते आणि आईबाप ती स्वीकारतातही. पण हे काम जाणकाराचे आहे.

हंगाम सरून पिल्ले उडून गेली की रिकामे घरटे असलेले झाड सामान्यतः छाटता येते. याला अपवाद तीन पक्ष्यांचा: सोनेरी गरुड, पांढऱ्या शेपटीचा गरुड आणि ऑस्प्रे. हे वर्षानुवर्षे त्याच घरट्यावर परततात, म्हणून त्यांचे रिकामे घरटेही बारमाही संरक्षित आहे. पूर्वी हा मजकूर स्कॉटलंडबाहेरच्या वाचकाने वगळला असता तरी चालले असते. पण रटलंड वॉटर परिसरात १९९६ पासून ऑस्प्रे आणि आइल ऑफ वाइटवर २०१९ पासून पांढऱ्या शेपटीचे गरुड सोडण्यात आल्याने आता ते दक्षिणेतही दिसू लागले आहेत. ढोली असलेल्या झाडांत वटवाघळेही असू शकतात. त्यांचा कायदा वेगळा आणि त्यांची आश्रयस्थानेही वर्षभर संरक्षित.

उरतो पैशाचा प्रश्न, ज्यावरून झाडाखाली खरी वादावादी होते. चढल्यानंतर घरटे सापडून काम थांबले तर त्या दिवसाचे भाडे कोणी सोसायचे, पुन्हा येण्याचा दर तोच राहणार का, आणि कामापूर्वीची पाहणी कोण करणार, या तीन गोष्टी कोटेशन स्वीकारतानाच लिखित करून घ्याव्यात. घरट्याचा उल्लेख करताच ‘त्याची काळजी नको’ असे म्हणून हसणारा ट्री सर्जन स्वस्त पडत असला तरी त्याला नकार द्यावा. इंग्लंडमध्ये टीपीओखालील संमती, तीत वेगळी मुदत घातलेली नसेल तर, दोन वर्षे चालते. मे महिन्यात थांबलेले काम ऑक्टोबर वा नोव्हेंबरात, पाने गळून फांद्या उघड्या पडल्यावर, त्याच कागदावर पूर्ण करता येते. त्यासाठी काउन्सिलकडे नव्याने अर्ज करावा लागत नाही.